चढाची ओळ

शकू, काल तुझ्या तेराव्याला माझ्या पेटीचं फार कौतुक झालं. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना म्हणून लिहायला बसले. खरं काय घडलं ते ओळखणारं माणूस गावात एकच होतं, आणि कालचं जेवण त्याच्याच नावानं होतं.

तुमच्या दारात मांडव घातला होता. आपलं भजनी मंडळ सतरंजीवर बसलं आणि तुझ्या जागी तुझ्या सुनेला, रूपालीला बसवलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हणाले नसते. रूपालीनं शेवटी तुझा तो अभंग घेतला, तू नेहमी शेवटाला ठेवायचीस तो. पोरगी नीट गात होती. मग चढाची ओळ आली आणि मी भाता असा काही मारला की तिचा आवाज पेटीखाली पार बुडून गेला. टाळकरणींचा ठेका अडखळला. रूपालीनं ओळ सोडली, श्वास घेतला आणि खालून पुन्हा धरली. चूक माझी होती आणि भर मांडवात उघडी पडली होती.

आणि त्याच वेळी बायका रडायला लागल्या. अभंग संपल्यावर पदरानं डोळे टिपत एकेक जण मला भेटायला आली. एक म्हणाली, "शकूबाईसाठी पेटीच रडली ओ आज." दुसरी म्हणाली, "असं वाजवणं कधी ऐकलं न्हाई." मग दत्तूभाऊ आले. तुझे मालक, ज्यांना शेजारी फटाका वाजला तरी आता कळत नाही, ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "नंदाताई, माझ्या मनातलं समदं तुमी पेटीतनं काढलं." त्यांनी माझं तोंड पाहिलं असेल, भात्यावरचा हात पाहिला असेल. तेवढ्यावर त्यांना सगळं ऐकू आलं. मी मान हलवली. हसू दाबत होते ग मी, खरंच. पण असं हसू दाबताना नेहमी तुझ्याकडे बघायची सवय, आणि तू समोर फोटोत, हार घालून बसलेली.

"लोकं कानानं न्हाई ऐकत, नंदे. डोळ्यानं ऐकत्यात." हे तू मला किती वेळा ऐकवलंस. मी दरवेळी तोंड वाकडं केलं. काल अख्ख्या वारूळवाडीनं तुझ्या बाजूनं साक्ष दिली आणि तुला ती बघायला मिळाली नाही.

आपण बसायचो कशा, ते आठवतं का? तू मधोमध, पुढे, टाळ छातीपाशी धरून. मी तुझ्या डाव्या अंगाला, जरा मागे. वडिलांनी मला पेटी शिकवली तेव्हा मी चांगली थोराड झाले होते, त्यामुळे बोटांकडे बघितल्याशिवाय मला कधी वाजवता आलं नाही. तू गाऊ लागलीस की माझी मान खाली. इतक्या वर्षांत मी तुला गाताना पाहिलं नाही, शकू. आता हे लिहिताना जाणवतंय. माझ्या वाट्याला तुझा नुसता आवाज आला आणि लोकांच्या वाट्याला तू सगळी आलीस. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं असावं.

आवाजाचं सांगते. तुझा खालचा आवाज भरदार होता. मधला गोड होता. पण चढाची ओळ आली की वरच्या सुराला तू पोचायची नाहीस. फार नाही, जरासंच कमी पडायचं. ऐकणाऱ्याला ते टोचण्याआधी मी भाता मारायची आणि तो सूर पेटीतून भरून काढायची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा केलं तेव्हा विचारही केला नव्हता, शेजारचीचा पदर घसरला तर आपण सावरतो तेवढंच ते होतं. पुढे ती रीतच झाली. तू चढायचीस, मी भरायची आणि लोक "वा" म्हणायचे. गंमत म्हणजे ते "वा" नेहमी ओळीच्या जरा आधी यायचं. सूर लागायच्या आधीच लोक खूश कसे होतात, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

तू मात्र सगळं श्रेय साड्यांना द्यायचीस. द्राक्षांच्या विरळणीच्या दिवसांत हात भरून यायचे, बोटं काळी पडायची, तरी संध्याकाळी तुझ्या पडवीत तालमीला बसल्यावर तुझा पहिला विषय साडीचा. मोरपंखी घ्यायच्या की आमसुली. गजरा सगळ्यांनी एकाच बाजूला माळायचा. टाळ खाली ठेवताना सगळ्यांनी एकदमच ठेवायचे. मी म्हणायची, "अगं, आधी दुसऱ्या कडव्याचा ठेका तरी बसव." तू म्हणायचीस, "ठेका बसंल गं. पदर आधी बसू दे."

आणे गावच्या पठारावर स्पर्धेला गेलो तेव्हा तर कहर झाला. तिथला वारा तुला माहीत आहे. मांडवाचं कापड फडफडत होतं, माईकमध्ये नुसती घूं घूं चालली होती, मला माझीच पेटी धड ऐकू येत नव्हती. आपला पहिला नंबर आला. येताना जीपमध्ये तू बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन बसलीस आणि मला कोपरानं ढोसलंस. "सांग आता. त्या वाऱ्यात कुणाला काय ऐकू आलं? पण बघितलं का न्हाई समद्यांनी?" मी म्हटलं, "मग पुढच्या वेळी पेटी घरी ठेवते, फोटो घेऊन येऊ." जीपमधल्या बायका हसल्या. तू रुसलीस, नारायणगाव येईपर्यंत बोलली नाहीस. तिथे उतरून मला उसाचा रस पाजलास.

एकदा मात्र मी जास्तच बोलले. तुझे हातवारे वाढत चालले होते. यशोदेचं नाव आलं की पाळणा हलवायचीस, गरुड आला की पंख. मी तालमीत सगळ्यांसमोर म्हटलं, "शकू, हे भजन आहे, बालवाडी नाही." माझी सगळी नोकरी अंगणवाडीत झाली, तिथे असले हातवारे मी रोज करायची, म्हणून माझ्या तोंडून तेच निघालं. तू हात खाली घेतलास. बाकीच्या गेल्यावर पडवीतली सतरंजी गुंडाळताना म्हणालीस, "पुढच्या रांगंत हे बसत्यात. त्यांना आता कायबी ऐकू येत न्हाई. मी काय गाती ते त्यांना कळाय नको का?"

दत्तूभाऊ प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत, टोपी नीट करून. संपल्यावर दोन बोटं उंचावून "एक नंबर" म्हणायचे. बोटं दोन आणि नंबर एक, यावर आपण किती हसलो. त्या दिवसानंतर मी तुझ्या हातवाऱ्यांवर बोलले नाही. वाद मात्र सोडला नाही. त्यांच्यापुरतं ठीक आहे, पण बाकीच्यांना देवानं कान दिलेत, असं माझं म्हणणं होतं.

म्हणून ती कनातीची स्पर्धा आली तेव्हा मला आनंद झाला. घोडनदीच्या पलीकडचं ते गाव. आदल्या वर्षी तिथे बोभाटा झाला होता की परीक्षकांनी मेहुणीच्या मंडळाला नंबर दिला. मग गावकऱ्यांनी तोड काढली. मांडवाची एक कनात आडवी बांधली, परीक्षकांना तिच्या पलीकडे बसवलं आणि मंडळाचं नाव पुकारायचं नाही असं ठरवलं. मी तुला म्हटलं, "आता बघू, तुझी आमसुली साडी काय करते ते." सकाळी तू जीपपाशी आलीस ती नवीन साडी नेसून, नाकात नथ, हातभर बांगड्या. आणि गाताना, टाळकरणींनी मला नंतर सांगितलं, तू लोकांकडे पाठ करून त्या कनातीकडे तोंड केलंस आणि तिच्याकडे बघून हसत, हात पसरून सगळा अभंग म्हटलास. कापडाला पाळणा दाखवलास ग तू.

आपला नंबर आला नाही. निकाल सांगताना परीक्षक नावं न घेता सगळ्यांनाच दोन शब्द सांगत होते. त्यातलं एक वाक्य आपलं होतं. "एका मंडळाची पेटी उत्तम आहे, पण चढाच्या ओळीला ती गायिकेवर चढते, तेव्हा गायिकेनं आपल्या आवाजाकडे लक्ष द्यावं." मंडळातल्या इतर जणींना ते कोणाबद्दल आहे हे कळलंही नाही. आपल्या दोघींना कळलं.

परतताना तू माझ्या शेजारी बसलीस. मंचर मागे पडल्यावर म्हणालीस, "नंदे, डोळे मीट." मी मिटले. "आता सांग. माझा आवाज कसा हाय?" मी डोळे उघडले आणि म्हटलं, "माईकवाल्यानं घोळ घातला सगळा." तू म्हणालीस, "मी माईकचं न्हाई विचारलं." मग मी खिडकीबाहेर बघत राहिले, तूही पुन्हा विचारलं नाहीस.

त्या उत्तराचं मला वाईट वाटतं का? नाही. खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? चढाची ओळ सोडली असतीस, किंवा गाणंच सोडलं असतंस, आणि मग दर एकादशीला मी कोणाच्या शेजारी बसले असते? माझा त्यात स्वार्थ होता, तो मी नाकारत नाही. पण प्रश्न तुझा खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाचं उत्तर न मिळता माणूस गेलं की तो प्रश्न घरातच राहतो. सकाळी चहा टाकताना तो असतो, दुपारी भिंतीपलीकडे तुमच्या घरात भांडं वाजलं की असतो. तू आहेस असं वाटून मी दोनदा भिंतीवर थापही मारली, आपण मारायचो तशी.

तळेघरचं तू कधी मान्य केलं नाहीस. तेही आज बोलूनच टाकू. श्रावणातला सोमवार होता. एसटी मिळाली नाही म्हणून शेवटचा रस्ता आपण पेटी आळीपाळीनं डोक्यावर घेऊन चाललो, दोन्हीकडे भाताची खाचरं. देवळापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलो तोवर धुकं आत आलं. असं धुकं की पुढच्या रांगेतली माणसंसुद्धा दिसेनात. नुसतं खोकणं ऐकू येत होतं, त्यावरून समोर लोक आहेत एवढं कळायचं. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "मी कुणाकडं बघून गाऊ?" मी म्हटलं, "गा ग नुसती." तू माझ्या पदराचं टोक धरलंस. टाळ मांडीवर ठेवलास. आणि खालच्या आवाजात, अगदी हळू, जशी नातवाला निजवताना गुणगुणायचीस, तशी गायलीस. चढाची ओळ तू घेतलीच नाहीस, तिथंही खालीच राहिलीस. मी भाता मारला नाही. मारायची गरजच नव्हती. मला पेटीचं भान नव्हतं शकू, बोटं आपोआप चालली होती.

संपल्यावर टाळ्या नाहीत, काही नाही. धुक्यातून एक म्हातारी जवळ आली, हातानं चाचपडत तुझा खांदा धरला आणि म्हणाली, "तूच गात व्हतीस का गं? लई जवळनं आलं." बस, एवढंच. मी वाटेत तुला म्हटलं, आजच्यासारखं तू कधी गायली नाहीस. तू उखडलीस. "कुणी बघितलं न्हाई आन् तुला ते आवडलं. म्हंजे तुला मी आवडत न्हाई, माझा आवाज आवडतो." मी म्हटलं, "आवाज काय शेजारणीचा आहे?" तू म्हणालीस, "मी म्हंजे काय नुसता आवाज हाय व्हय?" नंतरही तो विषय काढला की तू हात झटकायचीस. माझ्या मते तो तुझा सगळ्यात चांगला दिवस होता. तुझ्या मते तू त्या दिवशी गायलीच नव्हतीस. हे भांडण आता असंच अर्धं राहणार, आणि एकटीनं भांडायची मला सवय नाही.

मग तू अंथरूण धरलंस. त्याबद्दल मी लिहीत नाही. तुझा चेहरा उतरत गेला तसं तू आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलास, तेवढं मात्र मला विसरता येत नाही. दुपारी भिंतीपलीकडून गुणगुण ऐकू यायची. तू रूपालीला शिकवत होतीस हे मला कळत होतं. मी येऊन बसले नाही. तुझ्या जागेसाठी दुसरी तयार होतेय, हे कानावर पडणं पुरे होतं, डोळ्यांनी बघायची हिंमत नव्हती. शेवटच्या आठवड्यात मी पेज घेऊन आले तेव्हा तू म्हणालीस, "तू अजून सांगितलं न्हाईस." मी म्हटलं, "बरी हो, मग सांगते." तू हसलीस. नुसती ओठांनी, आवाज नव्हताच आता. मला वाटलं, अजून वेळ आहे.

आज दुपारी रूपाली माझ्याकडे आली. कालचे टोप परत करायचं निमित्त होतं. ओट्यावर बसली, पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, काल मी तिची ओळ बुडवली त्याबद्दल बोलायला आली असेल. मीच आधी म्हटलं, "काल माझं चुकलं ग. तुझा आवाज मी पार झाकला." ती दचकलीच. म्हणाली, "तुमचं न्हाई ओ काकू, माझंच चुकलं. आत्यांनी सांगितलं व्हतं तसंच मी केलं, पन तुमी बघितलंच न्हाई." सासूला आत्या म्हणायची जुनी रीत तिनं सोडलेली नाही, तुला ते आवडायचं.

मी विचारलं, "काय सांगितलं होतं?"

"वर जायच्या आधी काकूंकडं वळायचं, हात पुढं करायचा आन् मान लववायची. आत्या म्हनायच्या, तिथं माझा सूर पोचत न्हाई. नंदीकडं मागायचा. ती देती. कधी न्हाई म्हनली न्हाई." रूपाली माझ्याकडे बघत होती. "आत्या दरवेळी करायच्या की ओ. तुमाला म्हाईत न्हाई? लोकं तिथंच तर वा म्हनायची."

माझ्या हातातला टोप मी खाली ठेवला. ती काय बोलतेय ते उमजायला वेळ लागला. दरवेळी. आण्याच्या वाऱ्यात, पडवीत, प्रत्येक एकादशीला, तू माझ्याकडे वळत होतीस, चारचौघांत हात पसरून मागत होतीस आणि मान लववत होतीस. सगळ्या तालुक्यानं ते पाहिलं. माझी मान खाली, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवर. मी आपली समजत होते की तुझं गुपित मी सांभाळतेय. तुला सगळं ठाऊक होतं. मग जीपमध्ये डोळे मिटायला लावून तू आवाजाबद्दल विचारलंस, ते माहीत करून घ्यायला नव्हतंच. मी तुला सांगते का, तेवढं तुला बघायचं होतं.

रूपाली गेली. मी पेटी काढली आणि तुझा अभंग वाजवायला घेतला. चढाच्या ओळीला मुद्दाम मान वर केली आणि तू बसायचीस त्या बाजूला बघितलं. तिथे कपाट आहे, त्यावर रेशनच्या पिशव्या. बोटं चुकली. पुन्हा बघितलं, पुन्हा चुकली. पुढच्या एकादशीला रूपाली वळेल तेव्हा मला वर बघायला हवं, म्हणून या वयात ही सवय आता लावून घेणार आहे. तुझ्या वेळी लावली असती तर एकदा तरी तुला गाताना बघितलं असतं.

तुझं उत्तर राहिलंय. आता देते, डोळे मिटून देते. चढाच्या ओळीला तुझा सूर कधी लागला नाही, शकू. एकदाही नाही. काल रूपालीचा लागला, अगदी जागेवर लागला. आणि माझ्या कानाला तो चुकल्यासारखा वाटला, म्हणून मी भाता मारला.